भूगर्भातून निघालेल्या धातूचा सचित्र पंचनामा

कावेरी आणि तिची शाखा अरसलार यांच्या दरम्यानच्या सुपीक भूमीवर वसलेल्या कुंभकोणम् नगरीच्या पंचक्रोशीत घराचा पाया खणताना कुदळीचे टोक धातूवर आदळावे, ही गोष्ट तेथील महसूल कचेरीला फारशी अपूर्व वाटत नाही. चोळ राजांच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे स्थूलमानाने नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेराव्या शतकापर्यंत, गावोगावच्या देवालयांसाठी मिरवणुकीच्या उत्सवमूर्ती इतक्या विपुलतेने ओतल्या गेल्या, आणि पुढे १३११ साली मलिक काफूरची फौज मदुरेपर्यंत पोहोचल्यावर व नंतरच्या अस्थिर काळात त्या इतक्या मोठ्या प्रमाणावर जमिनीत दडवल्या गेल्या, की ती सारी भूमीच एक न मोजलेले भांडार होऊन बसली. मूर्ती पुरणे हे भयापोटी केलेले असले तरी विधिहीन नव्हते. वैखानस संप्रदायाच्या विमानार्चनकल्प या ग्रंथात संकटसमयी मूर्ती कोणत्या रीतीने भूमीच्या स्वाधीन करावी याचे विधान आहे. ज्यांनी पुरल्या ते परत आले नाहीत, किंवा आले तेव्हा जागा विसरली गेली होती. आणि आज त्या मूर्ती नांगराला, कुदळीला, क्वचित धातुशोधक यंत्राच्या गुणगुणीला सापडतात.

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली त्यानंतर १८५५ साली ते राज्य खालसा होईपर्यंत सुमारे पावणेदोनशे वर्षे या प्रदेशाचे दफ्तर मोडीत चालले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी भूषविणारे सर टी. माधवराव हे १८२८ साली कुंभकोणम् येथेच एका मराठी कुटुंबात जन्मले. तंजावरच्या ज्या राजवाड्यात सरफोजीराजांचा सरस्वती महाल ग्रंथसंग्रह आहे, त्याच राजवाड्यात १९५१ साली स्थापन झालेले कलादालन आहे, आणि तिरुवेंकाडू येथे भूमीतून निघालेली वृषवाहन शिवाची मूर्ती त्याच दालनात उभी आहे. वृषभ हरवलेला असूनही ज्याच्या पाठीवर टेकलेला हात आपल्याला त्या वृषभाची उंची सांगतो, अशी ती मूर्ती पाहिल्यावर धातूलाही विश्रांती घेता येते याविषयी माणसाच्या मनात शंका राहत नाही.

अशा मूर्तींची नोंद ठेवण्याची परंपरा याच भूमीत सहस्र वर्षांपूर्वी परिपूर्ण झाली होती. पहिल्या राजराज चोळाने १०१० च्या सुमारास तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पूर्ण केले, तेव्हा मंदिरास अर्पण झालेल्या ६६ धातुमूर्तींचा तपशील मंदिराच्याच भिंतींवर कोरविला गेला: मूर्ती कोणाची, हात किती, उंची किती हात व किती अंगुळे, पीठ केवढे, प्रभावळ केवढी, अंगावर अलंकार कोणते, त्यांत मोती किती आणि त्या मोत्यांत सदोष कोणते. इतकी चोख जंत्री आजच्या अनेक संग्रहालयांच्या दफ्तरातही आढळणार नाही. तथापि त्या ६६ मूर्तींपैकी आज ओळखून दाखविता येतील अशा अत्यल्प उरल्या आहेत. शब्दांनी केलेले वर्णन कितीही काटेकोर असले तरी ते मूर्तीचा प्रकार आणि परिमाण सांगते. समोर ठेवलेली मूर्ती ती हीच, असे ते छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याच उंचीचा, तितक्याच हातांचा दुसरा नटराज समोर आला तर शिलालेख मूक होतो.

आणि येथेच या धातुमूर्तींच्या निर्मितीची रीत छायाचित्राच्या साहाय्याला येते. कुंभकोणम्‌च्या पश्चिमेस काही किलोमीटरांवरील स्वामिमलै या गावी स्थपतींची घराणी आजही मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून मूर्ती घडवितात, कावेरीकाठच्या अतिसूक्ष्म गाळाचे लेप तिच्यावर एकामागून एक देऊन ते सावलीत वाळवितात, साचा तारांनी आवळतात, तापवून आतले मेण वाहून जाऊ देतात, आणि त्या रिकाम्या झालेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. थंड झाल्यावर साचा फोडावा लागतो. त्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. म्हणून एका भरीव मूर्तीसारखी दुसरी, एकाच हाताने एकाच आठवड्यात केलेली असली तरी, पूर्णतः सारखी असू शकत नाही. ओतीव धातूत राहिलेले सुईच्या टोकाएवढे छिद्र, पीठाच्या एका कोपऱ्यावर नंतर बसविलेले ठिगळ, प्रभावळीतील एखादी वाकलेली ज्वाला, पूजेच्या हातांनी झिजलेले नाक, मिरवणुकीचे दांडे अडकविण्यासाठी पीठाला ठेवलेल्या कड्यांपैकी तुटलेले एक कडे: ही सर्व त्या एकाच मूर्तीची लक्षणे होत, आणि ती शब्दांत क्वचित उतरतात, परंतु चांगल्या छायाचित्रात एकही निसटत नाही.

याचा पडताळा कुंभकोणम्‌च्या परिसराने तीनदा, आणि तीन वेगवेगळ्या रीतींनी पाहिला.

शिवपुरम् हे कुंभकोणम्‌जवळचे लहान गाव. १९५१ साली तेथील भूमीतून नटराजासह काही धातुमूर्ती निघाल्या, सरकारी रीतीप्रमाणे त्यांची नोंद झाली आणि त्या गावच्या देवालयाच्या हवाली करण्यात आल्या. १९५४ च्या सुमारास त्या दुरुस्तीसाठी एका कारागिराकडे गेल्या, आणि देवालयात परत आल्या त्या त्यांच्या प्रतिकृती. गाव त्यांची भक्तिभावाने पूजा करीत राहिले. १९६५ साली ब्रिटिश म्यूझियममधील विद्वान डग्लस बॅरेट यांचा आरंभीच्या चोळ धातुमूर्तींवरील ग्रंथ मुंबईहून प्रसिद्ध झाला, आणि त्यांनी देवालयातील नटराज हा खरा नसून खरा अन्यत्र आहे असे नमूद केले. खरी मूर्ती पुढे अमेरिकेत गेली, १९७३ साली नॉर्टन सायमन प्रतिष्ठानाने ती विकत घेतली, भारत सरकारने दावा केला, तडजोड झाली आणि १९८६ साली ती स्वदेशी आली. मूर्ती दुरुस्तीस देताना आणि परत घेताना एकेक चित्र काढून दोन्ही शेजारी ठेवली असती, तर ही तीन दशकांची यातायात एका दुपारच्या रुजवातीत संपली असती, असे मला नि:संशय वाटते.

दुसरे प्रकरण पत्तूर गावचे, आणि ते छायाचित्राच्या संपूर्ण अभावाचे आहे. १९७६ साली तेथील एका भग्न शिवालयाजवळ एका भूमिहीन मजुराला झोपडीसाठी खणताना नटराज सापडला. वर्दी कोणाला दिली गेली नाही, मूर्ती दलालांच्या हातोहात लंडनला पोहोचली, एका कॅनेडियन कंपनीने ती १९८२ साली घेतली, आणि ती डागडुजीसाठी ब्रिटिश म्यूझियममध्ये असताना लंडनच्या पोलिसांनी जप्त केली. आता प्रश्न असा उभा राहिला की लंडनमधील हा नटराज पत्तूरच्या मातीतून निघालेलाच, हे सिद्ध कसे करावे? जमिनीतून निघताना त्याचे चित्र कोणी घेतलेले नव्हते. म्हणून त्याच ठिकाणी नंतर मिळालेल्या इतर मूर्तींशी त्याची शैली ताडून पाहावी लागली, धातूचे पृथक्करण करावे लागले, अंगाला चिकटलेल्या मातीची आणि वाळवीच्या मार्गांची तज्ज्ञांकडून तपासणी करावी लागली. आणि १९८८ च्या निकालावर अपील होऊन ते १९९१ साली फेटाळले गेल्यावर मूर्ती परतली. या खटल्यात भग्न देवालयाला स्वत:च दावेदार म्हणून उभे राहण्याचा अधिकार इंग्रजी न्यायालयाने मान्य केला, ही त्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट, आणि कायद्याचे अभ्यासक आजही तिची चर्चा करतात. परंतु माझ्या दृष्टीने तितकीच विलक्षण गोष्ट ही की जे काम एका छायाचित्राने केले असते, ते वाळवीला करावे लागले.

तिसरे प्रकरण श्रीपुरन्दान् येथील. अरियलूर जिल्ह्यातील या गावच्या जुन्या चोळकालीन शिवालयात पूजा थांबलेली होती, आणि २००६ च्या सुमारास तेथील नटराज चोरीला गेला तरी गावाला त्याचा पत्ता काही काळ लागला नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे पन्नास लाख डॉलर मोजून न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडून एक नटराज घेतला. सोबतच्या कागदांत तो १९७० साली भारतात विकला जाऊन लवकरच बाहेर गेल्याचे दाखविले होते, म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या आधी. हे कागद वरकरणी निर्दोष होते. परंतु पाँडिचेरी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या फ्रेंच संस्थेने, तिचे आद्य संचालक जाँ फिलिओझा यांच्या काळापासूनच, तमिळ देशातील देवालयांची व मूर्तींची छायाचित्रे गावोगाव फिरून घेण्याचा उपक्रम चालविला होता, आणि आज दीड लाखाहून अधिक चित्रे असलेल्या त्या भांडारात श्रीपुरन्दान्‌च्या नटराजाची १९९४ साली घेतलेली चित्रे होती. ज्या मूर्तीने १९७२ च्या आधीच देश सोडला म्हणतात, ती १९९४ साली आपल्या देवळात उभी कशी? ५ सप्टेंबर २०१४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत ती मूर्ती भारताच्या स्वाधीन केली. तिच्याबरोबर वृद्धाचलम् येथील पाषाणाचा अर्धनारीश्वरही परतला, आणि त्याचीही ओळख पाँडिचेरीच्या चित्रांनीच पटविली होती. तो व्यापारी, सुभाष कपूर, जर्मनीत पकडला जाऊन भारतात आणला गेला, आणि १ नोव्हेंबर २०२२ रोजी उडैयारपाळैयम् येथील देवालयाच्या चोरीप्रकरणी त्याला दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. ती देणारे न्यायालय कुंभकोणम्‌चे.

या तिसऱ्या प्रकरणाकडे बारकाईने पाहिले तर ध्यानात येते की तेथे चित्राच्या सौंदर्याने काही केले नाही. केले ते त्याच्या तारखेने आणि त्याच्या ठावठिकाण्याने. तीच कृष्णधवल चित्रे गावाचे नाव आणि साल यांवाचून एखाद्या पेटीत पडलेली असती तर ती निरुपयोगी ठरली असती. म्हणून भूमीतून काही निघाले असता चित्र कसे घ्यावे, याचा विचार करताना प्रथम वस्तूचा नव्हे, तर जागेचा आणि क्षणाचा विचार करावा लागतो.

वस्तू दिसताच हात थांबवावा. मूर्तीचे मस्तक किंवा घटाचे काठ मातीबाहेर आलेले असतात, गर्दी जमते, कोणीतरी हात घालून ओढून काढतो, आणि त्या एका ओढीने मूर्ती उताणी होती की पालथी, कोणत्या दिशेस तोंड करून होती, तिच्याखाली वाळूचा थर होता की नव्हता, शेजारी घंटा वा दीपमाळ होती की नव्हती, हे सारे ज्ञान कायमचे नाहीसे होते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवराकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका रहिवाशाला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार भरीव धातुप्रतिमा सापडल्या. साठ किलोंहून अधिक वजनाचा तो ठेवा भारतीय पुरातत्त्वातील अनमोल ठेव्यांपैकी एक. परंतु तो कोणत्या थरात होता याचे चित्र वा आलेख नसल्यामुळे, नंतर तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन होऊनही, त्याच्या काळाविषयी पंडितांत मतभेद राहिले. सापडणाऱ्याचा यात काही दोष नाही. त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि त्याच्याजवळ कॅमेरा असण्याचे ते दिवसही नव्हते. आज मात्र शेतमजुराच्याही खिशात कॅमेरा असतो.

तेव्हा पहिले चित्र दुरून: खड्डा, आणि त्याच्यासोबत कधी न हलणारे असे काही, देवळाचे गोपूर, विहीर, वडाचे झाड, जेणेकरून वर्षानुवर्षांनीही जागा सांगता यावी. दुसरे चित्र खड्ड्यावर उभे राहून सरळ खाली. त्यात सेंटीमीटरच्या खुणा असलेली पट्टी, उत्तर दिशा दाखविणारा बाण, आणि गाव, सर्वे नंबर, तारीख व अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. पट्टी नसेल तर नाणे ठेवतात, परंतु नाण्यांची मापे बदलतात. साधी शाळकरी पट्टी अधिक विश्वासार्ह. मग जसजशी माती दूर होईल तसतसे प्रत्येक पायरीला एक चित्र, आणि शेवटी वस्तू उचलल्यानंतर उरलेल्या रिकाम्या खळग्याचे चित्र. हे शेवटचे चित्र बहुतेक जण विसरतात, वास्तविक धातूचा मातीत उमटलेला ठसा पुष्कळ काही सांगून जातो. ताम्रपटांच्या बाबतीत तर ही पायरी-पायरीची दक्षता अनिवार्य होय. २०२३ च्या एप्रिलमध्ये शीर्काळी येथील सत्तैनाथर देवालयाच्या आवारात यज्ञशाळेसाठी खणताना वीसहून अधिक पंचधातूच्या मूर्तींबरोबर तेवारम् या तमिळ शैव स्तोत्रसंग्रहातील पदे कोरलेले चारशेहून अधिक ताम्रपट निघाले. असे पत्रे एकावर एक ज्या क्रमाने पडलेले असतील, तो क्रम हाच कित्येकदा ग्रंथाचा क्रम असतो, आणि वरचा पत्रा उचलण्याआधी काढलेल्या चित्राखेरीज तो परत मिळविण्याचा दुसरा मार्ग नसतो.

वस्तू बाहेर आल्यावर तिला स्नान घालण्याची घाई करू नये. देव प्रकट झाला म्हणून चिंच आणि विभूती यांनी घासून तिला तेजस्वी करावे ही भावना मला समजते, आणि तिचा अनादर करावासा मला वाटत नाही. परंतु शतकानुशतकांत धातूवर चढलेला हिरवा-काळा थर हा त्या वस्तूच्या वयाचा साक्षीदार असतो, त्यात कापडाच्या विणीचा, भाताच्या तुसाचा ठसा राहिलेला असतो, आणि घासलेल्या मूर्तीतून ती साक्ष पुसली जाते. शिवाय मातीतील क्षार धातूत शिरल्याने कित्येक मूर्तींच्या अंगावर फिकट हिरवी, पिठासारखी पूड दिसू लागते. तो रोग वाढतो की आटोक्यात आहे, हे महिन्यामहिन्याने एकाच जागी, एकाच प्रकाशात घेतलेली चित्रे शेजारी ठेवूनच कळते. पहिल्या दिवसाचे चित्र नसेल तर वैद्याला रोगाचा प्रारंभच ठाऊक नाही, अशी गत होते.

मूर्तीची चित्रे समोरून, पाठीमागून, दोन्ही कुशींकडून आणि खालून घ्यावीत. पाठीचे आणि तळाचे चित्र कोणी घेत नाही, कारण तेथे देवाचे मुख नसते. पण ओळखीची निर्विवाद चिन्हे नेमकी तेथेच असतात, कारण बनावट करणारा कारागीरही मुखावर जितके श्रम घेतो तितके पीठाच्या आतल्या बाजूवर घेत नाही. कॅमेरा मूर्तीच्या मध्यावर, तिच्यापासून शक्य तितका दूर धरावा, नाहीतर जवळून घेतलेल्या चित्रात गुडघे फुगतात आणि मस्तक लहान होते. प्रकाश मांडवाच्या सावलीतला, पसरलेला असावा. भर उन्हात धातू चकाकतो, आणि चकाकीत नेमका तो ओरखडाच बुडतो जो आपल्याला हवा असतो.

नाण्यांची गोष्ट याच्या उलट. तेथे प्रकाश कडेने, जवळजवळ जमिनीशी समांतर यावा लागतो. राजराज चोळाचे तांब्याचे नाणे हातात घेतले तर झिजलेल्या तपकिरी चकतीपलीकडे काही दिसत नाही. पण काळोख्या खोलीत एकच दिवा त्याच्या कडेशी धरून नाणे हळूहळू फिरवू लागावे, तो एका विशिष्ट कोनाला बसलेल्या आकृतीच्या हाताखाली अक्षरे उभी राहतात, आणि ती नागरी असतात: श्री राजराज. तमिळ सम्राटाचे ते नाव मराठी शाळेतले मूलही वाचू शकते. हाच तो कोन, आणि याच क्षणी चित्र घ्यावे. मग नाणे उलटून दुसऱ्या बाजूचे, त्याच अंतरावरून आणि त्याच मापात, आणि चित्राखाली नाण्याचे वजन ग्रॅममध्ये.

पुष्कळांच्या हाती आता धातुशोधक यंत्रही येऊ लागले आहे. त्याच्या चकतीतील वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह जमिनीत चुंबकीय क्षेत्र पाठवितो, तेथील धातूत त्यामुळे लहान भोवऱ्यांसारखे प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्यांचे प्रतिसाद वेटोळ्याला परत मिळाले की यंत्र बोलते. वस्तू काय आहे, किती जुनी आहे, कोणत्या थरात आहे हे ते सांगत नाही. म्हणूनच यंत्रामागे निव्वळ कुदळ आली की हानी होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून अशा शोधकांनी आपल्या वस्तू स्थानिक अधिकाऱ्यांना दाखवून त्यांची सचित्र नोंद करून घेण्याची सरकारमान्य योजना आहे, आणि तीत पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. तेथे वस्तू बहुधा शोधकाकडेच राहते, परंतु तिची ओळख समाजाच्या मालकीची होते. आपल्याकडील कायद्याची धाटणी वेगळी आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्याने संरक्षित ठिकाणी परवान्याविना खणणे हाच अपराध आहे, आणि १८७८ चा भूमिगत निधीविषयक कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी वर्दी दिली पाहिजे. न दिल्यास त्याचा निधीतील हिस्सा सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वर्दी देणाऱ्याला मात्र तो कायदा निधीतील हक्काचा विचार करूनच वागवितो, ही गोष्ट खेड्यापाड्यांत ठाऊक नसते आणि तिच्या अज्ञानानेच कित्येक मूर्ती दलालांच्या घरी जातात.

चित्रे काढून झाल्यावर ती जपण्याचा प्रश्न उरतो, आणि या बाबतीत आजचे सुलभ साधनच दगा देते. फोनमधील मूळ चित्रात ते कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, आणि सोय चालू असल्यास कोणत्या ठिकाणी घेतले याची नोंद आपोआप लपलेली असते. परंतु तेच चित्र व्हॉट्‌सॲपवर पाठविले की ते आकुंचन पावते आणि ही अंतर्गत नोंद बहुधा गळून पडते. गावभर फिरलेले चित्र म्हणून पुराव्याच्या कामी फारसे येत नाही. मूळ फाइल जशीच्या तशी, उजळ न करता, कडा न कापता, निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. सुधारलेली प्रत हवी तर तिला वेगळे नाव द्यावे. आणि एक छापील प्रत, पाठीमागे शिसपेन्सिलीने सर्व तपशील लिहून, कागदी दफ्तरात असू द्यावी, कारण पाँडिचेरीच्या चित्रांचे बळ हे त्यांच्या नोंदवहीचेही बळ होते. जागेचा अचूक ठावठिकाणा मात्र सार्वजनिक करू नये. तो जिल्हाधिकारी आणि पुरातत्त्व खाते यांच्यापुरताच ठेवावा, नाहीतर रात्रीतून त्या शेतात दुसरे खड्डे पडतात.

१८७८ च्या कायद्याला वर्दीत तीन गोष्टी हव्या असतात: निधीचे स्वरूप व अंदाजे किंमत, सापडल्याची जागा, आणि सापडल्याची तारीख. छायाचित्राचा उल्लेख त्यात असणे शक्यच नव्हते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शिल्पांची नोंदणी करताना छायाचित्रे जोडावी लागतात, पण ती पायरी पुष्कळ नंतर येते, वस्तू कोणाच्या तरी ताब्यात स्थिर झाल्यावर. भूमीतून निघण्याचा क्षण आणि ती नोंदणी यांच्या मधल्या दिवसांतच शिवपुरम् आणि पत्तूर यांसारखी प्रकरणे घडतात. त्या दिवसांपुरता कायदा बदलण्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही. तलाठ्याने किंवा तेथील ग्राम अधिकाऱ्याने पंचनामा लिहिताना पंचांच्या सह्यांखाली खड्ड्याची, वस्तूच्या पाठीची आणि तळाची चित्रे अनुक्रमांकासह जोडावीत, आणि त्याच चित्रांची एक प्रत वर्दी देणाऱ्याच्या हाती, दुसरी देवालयाच्या विश्वस्तांकडे ठेवावी, याला आज कोणताही नियम आड येत नाही.